तहान हवेची

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं आणि हडपसर, लोणी काळभोर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीचे मांडव सुरू होतात. सोरतापवाडी-उरुळी कांचनचा हा पट्टा रोपवाटिकांचा. रस्त्याला लागून उन्हात उभा असतो तो दणकट माल: बोगनवेल, पाम, नारळ, कलमी आंबा. घरात ठेवायची नाजूक झाडं पाहायची तर मागच्या शेडमध्ये जावं लागतं. ऑक्टोबरच्या भर दुपारच्या उन्हातून तिथे शिरलं की सगळ्यात आधी जाणवतो तो कपाळावरचा घाम. तो वाळायचा थांबतो.

डोक्यावर शेडनेट, त्याखाली फॉगरच्या नळ्या. थोड्या थोड्या वेळाने त्या फुसफुसतात, धुक्याचा एक लोट खाली उतरू लागतो आणि जमिनीला टेकायच्या आत हवेत विरून जातो. खाली ट्रेमध्ये दाटीवाटीने फिटोनिया मांडलेला असतो. जेमतेम बोट-दीड बोट उंच, गडद हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरांची बारीक जाळी. शेजारच्या ट्रेमध्ये त्याच जातीची गुलाबी शिरांची झाडं, त्यापलीकडे लालभडक. एकेका कुंडीतून दोन-चार फांद्या कडेवरून खाली ओघळलेल्या.

“मावशी, याला रोज पाणी लागतं का?” हा गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न.

“रोज नको. पण सुकू पण द्यायचं नाही, बघा.”

उत्तर अगदी बरोबर असतं, पण ते ऐकून गिऱ्हाईक आणखीच गोंधळतं. शे-दीडशे रुपयांचं हे झाड घरी जातं, पहिला आठवडा सगळ्यांना दाखवलं जातं आणि बहुतेक घरांत महिना-दीड महिन्यात संपतं. मरतं ते दुर्लक्षाने क्वचितच. पाणी घालून घालून मरतं. या झाडाला जे हवेत हवं असतं, ते माणसं मोठ्या मायेने कुंडीत ओतत राहतात, आणि घरातल्या फिटोनियाच्या बहुतेक मरणांमागे हीच एक गल्लत असते.

जंगलाच्या तळाशी

फिटोनिया मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबिया, इक्वादोर, पेरू, बोलिव्हिया आणि ब्राझीलचा उत्तर भाग, म्हणजे मुख्यतः अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातली पावसाळी जंगलं हे त्याचं घर. तिथे झाडांचे एकावर एक इतके थर असतात की माथ्यावर पडलेल्या उजेडापैकी एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत पोचतो. वारा जवळजवळ नसतो. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून सतत बाष्प वर येत असतं आणि ते उडवून न्यायला कुणी नसतं. अशा तळाशी फिटोनिया उंच होण्याच्या भानगडीत पडत नाही. तो सरपटतो. खोड मऊ आणि रसदार. त्याचं पेर ओल्या पाचोळ्याला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि झाड एक पाऊल पुढे सरकतं.

त्याचं कूळ मराठी माणसाच्या चांगलं ओळखीचं आहे. खोकल्यावरचा अडुळसा, गजऱ्यातली अबोली, कुंपणाची कोरांटी आणि सह्याद्रीच्या उतारांवर सात-आठ वर्षांतून एकदा जांभळी होणारी कारवी, ही सगळी अकँथेसी कुळातली भावंडं. आपल्याकडच्या या भावंडांना मात्र आठ महिने कोरडे काढायची सवय आहे. पावसात दाट माजलेली कारवी उन्हाळ्यात मेल्यासारख्या काठ्यांवर येते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. अडुळसा बांधावर, कुणी न विचारता, वर्षभर तगतो. फिटोनियावर ही वेळ कधी आलीच नाही. त्याच्याकडे पानं झाडून निपचित पडण्याची युक्ती नाही, पाणी साठवणारं खोड नाही, पानावर जाड मेणाचा थर नाही. जिथे कोरडा महिनाच नव्हता तिथे या सगळ्याची गरजही नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो युरोपच्या काचघरांत पोचला. १८६५ साली बेल्जियन धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यूजीन कोमान्स यांनी ही प्रजाती वेगळी काढली आणि तिला नाव दिलं ते एलिझाबेथ आणि सारा मेरी फिटन या आयरिश बहिणींचं. या दोघींनी १८१७ साली वनस्पतिशास्त्राची ओळख करून देणारं एक पुस्तक लिहिलं होतं. आई आणि मुलाच्या गप्पांतून फूल कसं उघडून पाहावं, त्याचे भाग कसे मोजावेत हे ते पुस्तक शिकवतं. ते निघालं तेव्हा त्यावर लेखिकांचं नाव नव्हतं. त्यांचं नाव आज जगभरच्या खिडक्यांत आहे, ही फार चांगली गोष्ट झाली.

पान पाणी कसं घालवतं

पानाच्या पाठीवर सूक्ष्म रंध्रं असतात. अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड तिथून आत येतो आणि त्याच वाटेने आतलं पाणी बाष्प होऊन बाहेर जातं. किती वेगाने जाईल हे पानापेक्षा बाहेरची हवा ठरवते. जुलैच्या झडीत दोरीवरचा टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि मे महिन्यात तोच अर्ध्या तासात कडक होतो, पानाचंही तसंच.

हे आकड्यांत मांडता येतं. हवेचं तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, म्हणजे साधारण जंगलाच्या तळासारखी स्थिती असेल, तर हवेत आणखी बाष्प मावायला फारशी जागा नसते. आता पुण्यातली एप्रिलमधली दुपार घ्या. बाहेर ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. ही हवा जंगलातल्या हवेपेक्षा आठपटीहून अधिक जोराने ओलावा ओढते. घरात, पंख्याखाली, ३३ अंश आणि ३० टक्के धरले तरी ही ओढ पाचपटीहून जास्त भरते. फिटोनियाची मुळं बारीक आणि उथळ. कुंडी पाण्याने निथळत असली तरी त्या वेगाने पाणी वर चढवणं त्यांना जमत नाही. आणि मुळांना श्वासाला हवा लागते. सतत बुडालेली मुळं आधी गुदमरतात, मग सडतात. म्हणजे हवेतली उणीव मातीतून भरून काढायला गेलं की आहे ती क्षमताही जाते.

वातानुकूलित खोलीत हा प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली रात्रभरात भरत जाते. ते पाणी कुठून आलं? खोलीतल्या हवेतून. माणसाला त्याने सुखाची झोप लागते. कोपऱ्यातल्या फिटोनियाच्या पानांच्या कडा मात्र सकाळी कुरकुरीत तपकिरी झालेल्या असतात.

मान टाकलेलं झाड

फिटोनिया कोरडा पडला की मान टाकतो, आणि अशी टाकतो की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. सगळी पानं एकदम लोळागोळा होऊन कुंडीच्या कडेवर पडतात. पेशींमधल्या पाण्याच्या दाबावरच मऊ खोड उभं असतं. दाब गेला की आधाराला दुसरं काही नाही. पाणी घातलं की तासा-दोन तासांत तेच झाड काही झालंच नाही अशा थाटात उभं राहतं. ज्यांनी हे एकदा पाहिलं, ते झाडाच्या प्रेमात पडतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. मान पडली म्हणजे पाणी, असं समीकरण मनात पक्कं होतं.

मुळं सडलेलं झाडही अगदी तशीच मान टाकतं. सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून वरची पानं तहानेने कोसळतात आणि खालची माती मात्र चिंब असते. तिथे आणखी तांब्याभर पाणी घातलं की खेळ संपला. म्हणून पाण्याआधी कुंडी उचलून पाहायची. हलकी लागली तर तहान आहे. जड लागली तर पाणी अजिबात नको. झाड काढून मुळं पाहायची. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात, सडलेली तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची. अशा वेळी जुनं झाड वाचवत बसण्यापेक्षा वरचे चांगले शेंडे कापून नव्याने लावणं शहाणपणाचं. आणि झाड पुन्हा उभं राहतं म्हणून दर वेळी कोसळेपर्यंत वाट पाहणंही योग्य नाही. प्रत्येक कोसळण्यात काही पानं आणि बारीक मुळं कायमची जातात.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. घरच्या आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. जास्वंद ते पचवू शकते, फिटोनिया नाही. बोअरचं जड पाणीही त्याला सोसत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

लंडनच्या धुरात एक बाटली

घरात दमट हवा कोंडून ठेवायची युक्ती एका डॉक्टरला अपघाताने सापडली. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात राहायचे. नेच्यांची त्यांना अतोनात हौस, पण दगडी कोळशाच्या धुराने कोंदलेल्या त्या वस्तीत एकही नेचा टिकत नव्हता. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीवर ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंग कधी बाहेर येतो ते पाहायचं होतं. त्याऐवजी मातीतून एक इवलासा नेचा आणि गवताचं एक पातं उगवलं. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर धरत होतं, गार झालं की घरंगळून पुन्हा मातीत जात होतं. जो नेचा बाहेरच्या बागेत मरत होता तो आत, पाण्याचा थेंबही न घालता, वर्षानुवर्षं जगला.

वॉर्ड यांनी मग काचेच्या बंद पेट्या बनवून घेतल्या. १८३३ साली नेचे आणि गवतं भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला रवाना झाल्या आणि आतली झाडं जिवंत पोचली. तोवर समुद्रप्रवासात खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपं वाटेतच मरत. या पेटीने ते चित्र पालटलं. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी चहाची रोपं पाठवली ती याच पेट्यांतून. मलेरियावरच्या क्विनीनसाठी सिंकोना भारतात आला तोही याच पेट्यांतून. क्लेमेंट्स मार्खम यांनी १८६० साली स्वतः पेरूतून आणलेली रोपं लांबच्या प्रवासात खचली आणि निलगिरीत तगली नाहीत. रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी इक्वादोरमधून मिळवलेली मात्र रुजली. ज्या देशांतून ती पेटी सिंकोना घेऊन आली, तेच देश फिटोनियाचेही माहेर. या हलवाहलवीमागे साम्राज्याचा व्यापार होता, आणि ज्यांच्या जंगलातून ही झाडं गेली त्यांना त्यातलं फारसं काही मिळालं नाही, हेही या पेटीच्या इतिहासात येतं.

आज घरोघर दिसणारं काचेचं टेरॅरियम ही त्या पेटीची लेक. फिटोनियासाठी याहून चांगलं घर नाही.

काचेतून दिवाणखान्यात

फिटोनियाच्या पानावर एक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञही खिळले होते. गॉटलीब हाबरलांट यांना पानाच्या वरच्या सालीत भिंगासारख्या फुगीर पेशी दिसल्या आणि पानं त्यांच्या मदतीने उजेडाची दिशा ओळखत असावीत असा सिद्धांत त्यांनी १९०५च्या सुमारास मांडला. ती कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. त्याआधी, १९०२ साली, त्यांनी आणखी एक कल्पना मांडली होती: वनस्पतीची सुटी पेशी पोषक द्रवात वाढवता यावी. त्यांच्या हयातीत त्यांना स्वतःला ते साधलं नाही, पण ऊतीसंवर्धनाचा पाया तिथे घातला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली बाटलीतल्या बांबूला फुलं आणल्याचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला, तो याच विद्येच्या बळावर.

आता शोभेच्या झाडांची असंख्य रोपं अशा बाटल्यांतून येतात, फिटोनियाचीही. बाटलीतल्या हवेत आर्द्रता जवळजवळ १०० टक्के असते. त्यामुळे तिथल्या पानांवर मेणाचा थर नावापुरता, आणि रंध्रांना मिटायची सवयच नसते. असं रोप सरळ बाहेर काढलं तर काही तासांत सुकतं. म्हणून हार्डनिंग करतात: आधी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, मग फॉगरखाली, मग नुसत्या शेडनेटखाली, अशा पायऱ्यांनी काही आठवडे हवा कोरडी करत न्यायची. रोपवाटिकेतला सगळ्यात कसबी माणूस बहुधा इथेच लागतो. फॉगर बंद पडला आणि अर्धा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ट्रेच्या ट्रे जातात.

पण ही शिडी शेडच्या दारापाशी संपते. तिथून झाड गाडीच्या तापलेल्या डिकीत आणि पुढे थेट पंख्याखाली जातं. शेवटची पायरी गिऱ्हाइकाची असते, आणि ती कुणी त्याला सांगत नाही. दिवाळीत हे जास्तच घडतं. कार्यालयांतून मिठाईऐवजी छोटं झाड द्यायची पद्धत आता रुळली आहे. नेमका त्याच सुमाराला पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागलेली असते. भेटीची कुंडी सुंदर चिनी मातीची असते आणि तिला खाली भोक नसतं. वरून कोरडी हवा, खालून साचलेलं पाणी.

उपाय साधा आहे. आणलेलं झाड कुंडीसकट मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवायचं, पिशवीचं तोंड सैल मिटायचं आणि उन्हाची तिरीप येणार नाही अशा उजेडात ठेवायचं. दोन-तीन दिवसांनी तोंड थोडं उघडायचं, मग आणखी थोडं. दोन-तीन आठवड्यांत झाड घरच्या हवेला सरावतं. सजावटीची कुंडी हवीच असेल तर आत भोकाची साधी कुंडी ठेवून, पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बाहेरच्या कुंडीत साचलेलं ओतून टाकायचं.

घरातली जागा

मुंबई-कोकणच्या हवेत फिटोनिया बहुतेक वर्षभर उघड्या कुंडीत राहतो. एसीच्या झोतापासून दूर ठेवला की झालं. तिथे भीती पावसाळ्याची. पानं दिवसचे दिवस ओली राहिली की बुरशीचे डाग पडतात, आणि कुंडी खिडकीबाहेरच्या जाळीत असेल तर एखादी गोगलगाय एका रात्रीत निम्मं झाड फस्त करते.

पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये खिडकी असलेलं न्हाणीघर ही सर्वांत चांगली जागा, त्याखालोखाल स्वयंपाकघरातला सिंकवरचा कट्टा. जिथे अजून माठ भरला जातो तिथे त्याच्या आसपासची हवाही थोडी दमट असते. विदर्भात वेगळीच गंमत आहे. नागपूरचा उन्हाळा या झाडाला अशक्य वाटावा असा, पण तिथल्या घरांत कूलर असतो, आणि कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. कूलरच्या खोलीत, थेट झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात, फिटोनिया पुण्यातल्या एसीच्या खोलीपेक्षा सुखात राहू शकतो.

पानांवर फवारणी करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याचा उपयोग अगदी थोडा. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत ओसरते आणि पानांवर जड पाण्याचे पांढरे डाग मात्र राहतात. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवण्याने थोडाफार फरक पडतो. चार-पाच कुंड्या एकमेकींना बिलगून ठेवल्या तर अधिक, कारण प्रत्येक झाड शेजारणीची हवा ओली करतं. खात्रीचा मार्ग मात्र काचेचा: जुनी माशांची पेटी, रुंद तोंडाची बरणी, झाकणाचा पारदर्शक डबा.

बरणीच्या तळाशी बोटभर खडे, म्हणजे जास्तीचं पाणी मुळांपासून लांब राहील. त्यावर तीन-चार बोटं मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पर्लाइट, मूठभर चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट धुवायला विसरू नये. त्यात नारळाच्या सोडणाचे क्षार असतात. खत हात राखून घालायचं, नाहीतर झाड महिन्याभरात झाकणाला टेकतं. लावल्यावर पाणी अगदी बेताने. सकाळी काचेवर थोडं धुकं धरून दुपारपर्यंत निवळलं तर पाणी बरोबर आहे. काच दिवसभर आंधळी राहिली तर दोन दिवस झाकण काढायचं. आणि ही बरणी उन्हात कधीही ठेवायची नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या उन्हातही बंद काचेत हवा तापून झाड शिजतं. उत्तरेची खिडकी चांगली. पूर्वेची असेल तर पडदा हवा.

शेंडे खुडणं

उजेड कमी पडला की पेरांमधलं अंतर वाढतं, खोड लांबट होतं आणि मधला भाग उघडा पडतो. म्हणून शेंडे खुडत राहावं लागतं. एक शेंडा खुडला की खालून दोन फुटवे येतात. मधूनच फिकट रंगाचा तुरा वर निघतो. फुलं बारीक आणि विशेष देखणी नसतात, ती ठेवली तर पानं लहान पडत जातात, म्हणून बहुतेक जण तुरा दिसताच काढतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढायचा आणि आठवडाभर रोज पाहायचं. मातीवर बारीक काळी चिलटं उडू लागली तर पाणी जास्त होतंय.

खुडलेले शेंडे टाकायचे नाहीत. दोन-तीन पेरांचा तुकडा, खालची पानं काढून, ओल्या कोकोपीटमध्ये खोचला आणि वर डब्याचं पारदर्शक झाकण घातलं की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. पावसाळा यासाठी सर्वांत सोयीचा. दोन-तीन वर्षांचं झाड कितीही खुडलं तरी मध्ये विरळ होतंच, तेव्हा दर पावसाळ्यात दोन-चार नवी रोपं करून ठेवणं बरं. उघडं पडलेलं लांब खोडही वाया जात नाही. ते ओल्या कोकोपीटवर आडवं ठेवून जागोजागी तारेच्या छोट्या आकड्यांनी दाबलं की ज्या ज्या पेराला ओल लागते तिथे मुळं सुटतात, पुढे फुटवे येतात आणि मग मधली कांडी कापून प्रत्येक रोप वेगळं लावता येतं.